फिरत्या मिस्त्रीची पिशवी: गवत कापायच्या मशीनसाठी हत्यारं कशी जमवावीत

हिंगोली जिल्ह्यात गवत वर्षातून दोनदाच वाढतं. एकदा १४ ऑगस्टला आणि एकदा १६ सप्टेंबरला. बाकीचे दिवस ते असतं, पण कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. स्वातंत्र्यदिन आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, या दोन झेंडावंदनांच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पाचही तालुक्यांतल्या कचेऱ्यांत कुणीतरी साहेब खिडकीशी येतात, बाहेर बघतात आणि दचकतात. ध्वजस्तंभापर्यंत जायला वाटच उरलेली नसते. मग अडगळीतून मशीन निघतं. मशीनवर गेल्या सप्टेंबरची माती असते, टाकीत गेल्या सप्टेंबरचं पेट्रोल असतं. अर्धा तास दोरी ओढून होते. मग फोन येतो.

"मिस्त्री, चालूच होईना गेलंय बगा."

हा फोन आपल्याला यावा अशी तुमची मनीषा असेल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा. गवत कापायची मशीनं दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाला भांडवल फारसं लागत नाही. दुकानाचा गाळा लागत नाही, पाटी लागत नाही. लागते एक मोटरसायकल आणि एक पिशवी. मोटरसायकल तुमची तुम्ही बघा. पिशवीचं मी सांगतो.

आधी गिऱ्हाईक ओळखून घ्या. ज्या मंगल कार्यालयाच्या नावात 'लॉन्स' असतं तिथे चुकूनही जाऊ नका. तिथे हिरवं कार्पेट असतं. २६ जानेवारी आणि १ मे यांच्या भरवशावरही राहू नका. १ मे हा महाराष्ट्राचा आणि १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याचाही वाढदिवस. पण त्या दिवसांत हिंगोलीत हिरवं म्हणाल तर मांडवाचं कापड. दोन झेंड्यांच्या मधला महिना आणि मग हळद, हाच तुमचा सीझन. मानांकन मिळालेली वसमतची हळद काढण्याआधी तिचा पाला जमिनीलगत कापावा लागतो. विळा चालवणारी माणसं मिळेनाशी झाल्यापासून खांद्यावरचं ग्रास कटर भाड्यानं या शेतातून त्या शेतात फिरतं. दिवसाच्या भाड्यावर फिरणाऱ्या मशीनची निगा कोण राखतो? मालक म्हणतो भाडेकरूनं राखावी, भाडेकरू म्हणतो मालकानं. या दोघांच्या मधल्या जागेत तुमची पिशवी ठेवायची आहे.

१. पिशवी

शहरात या धंद्यातले लोक कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची पेटी वापरतात. तिच्या नादी लागू नका. पेटी उघडली की आतलं सगळं गिऱ्हाइकाला एका नजरेत दिसतं, आणि एवढ्याशाच्या जोरावर हा माणूस पैसे मागतोय हेही दिसतं. खताच्या गोणीची, दुहेरी शिवलेली, दोन बंदांची पिशवी घ्या. तिच्यात हात घालून चाचपत राहता येतं. वैद्य नाडी धरून आढ्याकडे बघतात, तसं तुम्ही पिशवीत हात घालून आभाळाकडे बघायचं. तेवढ्या वेळात बिघाड काय असावा ते सुचतं. नाही सुचलं तरी चहा येतोच.

पिशवी जमिनीवर टेकवताना दणका बसला पाहिजे. त्यासाठी तळाशी ३०-३२ चा पाना टाका. गवत कापायच्या ज्या मशीनांशी तुमची गाठ पडणार त्यांत या मापाचा नट नाही. पाना ट्रॅक्टरचा आहे. पण गिऱ्हाइकाचा विश्वास याच पान्यावर असतो. वर्षानुवर्षं तो न वापरता माझ्याबरोबर फिरतोय आणि पिशवीतली सगळ्यात जास्त कमाई त्याचीच आहे.

२. पाने

खरं सांगायचं तर ८ पासून १९ पर्यंतचे पाने पुरतात. त्यातले १० चे दोन घ्या. नको, तीन घ्या. सगळ्यात जास्त लागतो तोच आणि सगळ्यात आधी हरवतो तोच. पहिला आपोआप जातो आणि दुसरा पहिल्याला शोधताना जातो.

प्लग पान्याची तीन मापं असतात. फोर-स्ट्रोक ग्रास कटरच्या बारीक प्लगला १६, टू-स्ट्रोकच्या प्लगला बहुतेक वेळा १९, आणि बंगल्यातल्या ढकलायच्या लॉन मोअरच्या जाड प्लगला २१. तिन्ही जवळ ठेवा. २१ चा जुन्या स्कूटरवाल्यांनाही लागतो, म्हणून तो 'दोन मिनिटं' मागितला जातो. मराठवाड्यात दोन मिनिटं हे काळाचं माप नाही, ती एक सदिच्छा आहे. माझा असाच गेला.

स्क्रू पाना मात्र अवश्य घ्या. तो सगळ्या नटांना लागतो आणि एकालाही नीट बसत नाही. त्यानं नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट छिन्नीनं काढावा लागतो. छिन्नीनं काढलेला परत लावता येत नाही, नवा लागतो, आणि नवा नांदेडला मिळतो. एका पान्यातून चार कामं निघतात. बाकी कुठलं हत्यार इतकं कमावतं?

इथे जरा थांबून आपल्या धंद्याच्या मूळपुरुषाला नमस्कार करू. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं १८३० साली लॉन मोअरचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र बघून त्याला गवत कातरायचं सुचलं. शेजारीपाजारी हसतील म्हणून तो चाचणी रात्री अंधारात घ्यायचा, असं सांगतात. आपल्याकडेही १४ ऑगस्टचं गवत रात्रीच कापलं जातं, मोटरसायकलचा हेडलाइट पाडून. कारण तेवढं वेगळं आहे. आणि गंमत पुढेच आहे. स्क्रूनं सरकणारा पाना तयार करण्याचं श्रेयही याच बडिंगला देतात. म्हणजे मशीन दिलं त्यानंच आणि मशीनचे नट गोल करायची सोयही केली त्यानंच. ज्याला पुढची गिऱ्हाइकी इतकी दिसत होती, त्याचा फोटो कुठल्याच गॅरेजात कसा नाही, हे मला कोडं आहे.

३. कंपनीनं दिलेली पिशवी: तिचा बंदोबस्त

नव्या मशीनच्या खोक्यात कंपनी स्वतःच एक लहानशी पिशवी देते. तिच्यात प्लग पाना, एलन की, पेचकस आणि नशीब असेल तर डोळ्यांवर लावायचा चष्मा आणि तेल मिसळायची खुणांची बाटली असते. मशीनच्या रोजच्या निगेला जे लागतं त्यातलं बहुतेक या पिशवीत आहे. तुमच्या धंद्याला खरा धोका तिच्याकडून आहे.

घाबरू नका. ती कुणी उघडत नाही.

शेतकऱ्याच्या घरी ती माळ्यावर जाते आणि प्लग पान्याचा दांडा खलबत्त्यातल्या दांड्याच्या कामाला येतो. सरकारी कचेरीत तर तुम्हाला बोटही हलवावं लागत नाही. मशीन सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून येतं. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद होते. कुणीतरी कर्तव्यदक्ष कारकून पिशवीतल्या पान्यांचीही एकेक नोंद करतो. नोंद झालेला पाना हरवला तर वसुली लागते, म्हणून पिशवी कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांची बदली सेनगावला होते. मी एकदा एका कचेरीत विचारलं.

"मामा, याच्यासंगं आलेली हत्यारं कुठायत?"

"हायेत की. कपाटात. एकदम नवी कोरी."

"मग काढा ना."

"काढता येत न्हाईत. हिशेबात हायेत."

त्या मशीनचं पुढे निर्लेखन झालं. भंगारात मशीन गेलं, पिशवी राहिली. तिची पिनसुद्धा निघालेली नव्हती. माझ्या पाहण्यात इतकी चांगली निगा राखलेली वस्तू दुसरी नाही.

४. उलट्या आट्यांचा नट

हा धडा पाठ करा. बाकी सगळं विसरलात तरी याच्यावर पोट भरेल.

ग्रास कटरचं पातं ज्या नटानं धरलेलं असतं त्याचे आटे उलटे असतात. जगातला बाकी प्रत्येक नट डावीकडे फिरवला की सुटतो, हा उजवीकडे फिरवला की सुटतो. पातं गरागरा फिरताना त्याच्या ओढीनं नट सैल होऊ नये, उलट आवळत जावा, म्हणून तो तसा केलेला आहे. सोडवायची रीत सोपी आहे. पात्याजवळच्या गिअरच्या डब्याला एक भोक असतं. पातं हळूहळू फिरवत दोन भोकं समोरासमोर आणायची, त्यात चार-पाच मिलिमीटरची एलन की खुपसून पातं अडवायचं आणि नट उजवीकडे फिरवायचा. दहा सेकंदांचं काम.

तुम्ही पोचाल तेव्हा तिथे मालक, मालकाचा भाऊ आणि वाशिमहून आलेला मेहुणा असे तिघं असतील. सकाळपासून तिघं तो नट डावीकडे फिरवताहेत. म्हणजे सकाळपासून तो आवळताहेत. मेहुण्यानं पान्याच्या दांड्यात पाइप घातलेला असेल. पातं धरायला एकाचा पाय असेल. तुम्ही पहिला प्रश्न विचारा: "आधी कुणी खोलायला गेलं होतं का?"

"न्हाई बा. कुणीच न्हाई."

मान हलवा. पाइपकडे बघू नका, मेहुण्याच्या मानाचा प्रश्न आहे. मग मशीनकडे तोंड आणि गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसा. ही बैठक फार महत्त्वाची, कारण नट कुठल्या बाजूला फिरला हे गिऱ्हाइकाला दिसलं की तुमचं अर्धं उत्पन्न तिथेच संपलं. सुटल्यावर लगेच उठू नका. दोन-तीन वेळा कण्हा. घाम पुसा. "लई जाम झालतं" एवढंच म्हणा.

मी स्वतः हे कसं शिकलो, असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. मीही देत नाही. फक्त एवढं कबूल करतो की पाइप घालून नट तोडण्याची ताकद तेव्हा माझ्यात होती.

५. मापं घ्यायची हत्यारं

प्लगच्या दोन टोकांत साधारण ०.७ मिलिमीटरची फट हवी. ती मोजायला फिलर गेज नावाची पोलादी पानांची जुडी मिळते. ती विकत घेऊ नका. हॅक्सॉचं तुटलेलं पातं घ्या. त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या थोडी पुढे असते. ते फटीत जेमतेम सरकलं की काम झालं.

इथे तुम्हाला वाटेल की मी थट्टा करतोय. नाही. हे पातं खरंच चालतं. या लेखातला हा एकमेव सल्ला असा आहे की जो दिल्याबद्दल माझे व्यवसायबंधू माझ्यावर रागावतील.

योगायोग बघा, आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यातून मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की औंढ्याला कळणार. आणि औंढ्यापासून चार कोसांवर, हॅक्सॉचं पातंही हाताशी नसलं की, आम्ही प्लगची फट लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यानं मोजणार. जाड पत्रिका असेल तर इंजिन मिसिंग करतं. पाव्हण्यांची ऐपत यावरूनही कळते.

६. तेल

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. किती, ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काहींना लिटरला २० मिली, काहींना ४० मिली. पुस्तक कुठे आहे ते तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून लोक झाकणानं मोजतात. कुणाचं झाकण पाण्याच्या बाटलीचं, कुणाचं खोकल्याच्या औषधाचं, आणि एकानं मला ज्या बाटलीचं झाकण दाखवलं तिचं नाव इथे लिहीत नाही. तेल जास्त झालं की मशीन डास मारायच्या गाडीसारखं धूर सोडतं आणि प्लग काळा पडतो. कमी झालं की पिस्टन घासतो. 'रंगावरून अंदाज घेतो' म्हणणारा भेटला की त्याचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा. तो पुढच्या पंधरा दिवसांत लागणार आहे.

फोर-स्ट्रोकची गोष्ट याहून सुरस आहे. त्याला पेट्रोल निव्वळ लागतं आणि तेल वेगळ्या जागी, इंजिनाच्या पोटात. छोट्या इंजिनाला ते लागतं किती, तर १०० मिलीच्या आसपास. एक कप चहा. नव्या मशीनच्या पोटात बहुधा ते नसतंच, आपण भरायचं असतं. मालक काय करतो? जुन्या सवयीनं पेट्रोलमध्ये तेल मिसळतो, पोट कोरडंच ठेवतो आणि धुऱ्यावरचं गवत कापायला निघतो. अर्ध्या तासात इंजिन जाम. अशा वेळी त्याच्या दुःखात सहभागी व्हा. खांद्यावर हात ठेवा. "कंपनीचा माल आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई" असं हळू आवाजात म्हणा. एक कप तेलाचं त्याला सांगू नका, आधीच तो खचलेला असतो.

७. किरकोळ

बाइंडिंग तार. सायकलच्या ट्यूबचे तुकडे. एमसील. काचपेपर. सुतळी. वायसरांची पुडी, त्यातलं एकही लागणार नाही अशी. जुना टूथब्रश, शक्यतो स्वतःचा. गिरीसचा डबा: गिअरच्या डब्यात पंचवीसेक तास चालल्यावर थोडं गिरीस भरावं असा नियम आहे, पण तुमचा डबा पिशवीतल्या बाकी सगळ्या वस्तूंना आपोआप गिरीस लावत असल्यामुळे वेगळं काही करायची गरज पडत नाही.

८. पातं, धार आणि हराळी

कानस ठेवा. लॉन मोअरच्या पात्याला धार लावताना दोन्ही टोकांचं वजन सारखं राहायला हवं. पारखायचं तर पात्याच्या मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर ते अडकवायचं. जे टोक खाली झुकेल ते जड. त्याला अजून घासायचं. वजन सारखं नसेल तर मशीन थरथरतं आणि थरथरून थरथरून आतला दांडा वाकतो. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवायची, नाहीतर पातं फिरवताना इंजिन उठलं तर बोटं मोजायची वेळ येते. आणि मशीन आडवं करायचं तर हवेची जाळी वरच्या अंगाला ठेवून. खालच्या अंगाला केलंत तर इंजिनातलं तेल जाळीत उतरतं आणि नंतर पांढऱ्या धुराचा लोट निघतो.

हे सगळं माहीत असलेला मिस्त्री म्हणून तुमचं नाव होऊ शकतं. म्हणून ते कुणापुढे करून दाखवू नका. कापायचं काय आहे हे तर आधी बघा.

शेतकऱ्याच्या रानात हराळी निघाली की त्याची झोप उडते. तो ती नांगरतो, कुळवतो, उन्हाळ्यात तिच्या काश्या वेचून बांधावर जाळतो, आणि तरी ती पावसाला परत येते. तीच हराळी साहेबांच्या बंगल्यात रोपवाटिकेतून विकत आणून लावतात, तिला टँकरनं पाणी घालतात, तिच्यावर माळी ठेवतात आणि तिला लॉन म्हणतात. गणपतीत तिचीच जुडी बाजारात पैसे देऊन घेतात. एकच गवत, पण एका ठिकाणी मशीन ते मरावं म्हणून चालतं, दुसऱ्या ठिकाणी ते दाट व्हावं म्हणून. मिस्त्रीनं यात पडू नये. दोन्हीकडे बिल सारखंच लावावं. बंगल्यावरचं बिल मंजूर व्हायला मार्च उजाडतो, एवढा फरक लक्षात असू द्या.

९. सुरक्षा

पात्यावरचं प्लास्टिकचं संरक्षक कवच पहिल्याच दिवशी काढून टाकलेलं असतं, गवत अडकतं म्हणून. चष्मा कपाटात आहे. बूट घरी आहेत. हिंगोलीच्या काळ्या मातीत खडे पुष्कळ आहेत आणि पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं. कटर चालवणारा पोरगा चपलांवर असतो आणि त्याच्या भोवती गवत कसं कापतात ते बघायला सहा जण अर्धवर्तुळात उभे असतात. बंद करायचं बटण चालत नसतं. मग तो पेचकसानं प्लग शॉट करून इंजिन बंद करतो, झटका खातो, हसतो आणि परत चालू करतो.

इथे मला विनोद सुचत नाही. पोराला मागे घ्या, सहा जणांना हाकला आणि पाच रुपयांची वायर लावून ते बटण दुरुस्त करून द्या. याचे पैसे घेऊ नका.

१०. पिशवीत न मावणारी हत्यारं

जुने मिस्त्री ज्यावर जगतात ती हत्यारं लोखंडाची नसतात. चार वाक्यं तोंडपाठ करा.

"कारपेटरमध्ये कचरा आलाय." कार्बोरेटर हा शब्द नीट उच्चारलात तर तुम्ही कॉलेजातून आलेले वाटाल. हे वाक्य कुठल्याही मशीनला, कुठल्याही ऋतूत लागू पडतं आणि दहातल्या सात वेळा खरंही निघतं.

"आधी कुणी खोललं होतं?" याचा वापर वर आलाच आहे.

"चालवून बघू, न्हाई झालं तर खोलू." हे रात्री आठनंतरचं वाक्य.

आणि सगळ्यांचा राजा: "पार्ट नांदेडला भेटंल." नांदेड हे शहर नाही, ती मुदत आहे. परभणी म्हणालात तर माणूस म्हणतो, मीच जाऊन आणतो. अकोला म्हणालात तर म्हणतो, राहू द्या, नवीनच घेऊ. नांदेड बरोबर मधलं आहे. आशा टिकते आणि दोन दिवस मिळतात. एकदा १४ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजता मी हे वाक्य उच्चारलं आणि साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग ते म्हणाले, "मिस्त्री, झेंडा सकाळी आहे." त्या रात्री चौदा माणसांनी विळे घेऊन ते आवार साफ केलं. दोन तासांत झालं, आणि माझ्या मशीनपेक्षा नीट झालं. मी हेडलाइट धरून उभा होतो.

११. एक गुपित

हे मी सांगणार नव्हतो.

पिशवीतल्या सगळ्या हत्यारांची मिळून जेवढी कामं निघतात, त्यातली अर्धीअधिक एका गोष्टीमुळे निघतात. १७ सप्टेंबरचा झेंडा झाला की मशीन होतं तसं, भरल्या टाकीनं कोपऱ्यात जातं आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत तिथेच राहतं. अकरा महिन्यांत पेट्रोल उडतं आणि मागे चिकट राळ उरते. ती कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात बसते. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आतला रबराचा पडदा कडक होतो, नळ्या चिरतात. म्हणजे १४ ऑगस्टला दोरी ओढणारा माणूस खरं तर एका बुजलेल्या विहिरीचा पंप ओढत असतो.

उपाय काय, तर झेंडा उतरला की टाकी रिकामी करायची, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, जाळीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायचा, पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा. दहा मिनिटं. हत्यार एकही लागत नाही.

मी हे एका कचेरीत बड्या बाबूंना सांगितलं होतं. त्यांनी मन लावून ऐकलं, कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "काढलेलं पेट्रोल नोंदवहीत कुठे दाखवायचं?" मला उत्तर आलं नाही. मशीन भरल्या टाकीनं कोपऱ्यात गेलं. त्यामुळे तुम्ही या धंद्यात बेधडक या, दोघांना पुरून उरेल एवढं काम आहे.

फक्त येताना एक बघा. गेल्या १६ सप्टेंबरला रात्री, हेडलाइटच्या उजेडात, एका गृहस्थांनी माझा २१ चा प्लग पाना दोन मिनिटांसाठी घेतला. दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी १४ ऑगस्टच्या आत परत करावा. काही विचारणार नाही.